धामणीचा दांडा

"करवत आहे ती," कांतिभाई म्हणाले. "लाकडं कापायची. नुसती अडगळ. भंगारवाल्याला देऊन टाकू."

मी गोठ्यामागच्या पडवीत उकिडवा बसलो होतो आणि कुजलेल्या पेंढ्याखालून निघालेल्या त्या सांगाड्यावरची माती खराट्यानं झाडत होतो. पाच फुटांची लोखंडी पट्टी. तिच्या पुढच्या कडेला ओळीनं टोकदार बोटं बसवलेली. बोटांच्या फटींतून तिकोनी पाती दिसत होती, एका लांब सळईवर रिव्हेट मारून लावलेली. आणि एका टोकाला बिडाचं जड चाक. पातं अंगठ्यानं चाचपून बघितलं. करवतीचे दात असे नसतात. हे पातं दोन्ही कडांनी धारेचं होतं.

"शेठ, ही करवत नाही," मी म्हणालो. "गवत कापायचं मशीन आहे. ट्रॅक्टरच्या मागं लागतं. चाक फिरलं की दांडा हलतो, दांड्यानं ही पाती डावी-उजवी पळतात. न्हाव्याचं केस कापायचं मशीन असतं ना, तसंच. फक्त पाच फुटी."

कांतिभाई आमच्या पांजरपोळाचे व्यवस्थापक. माणूस वाईट नव्हता, पण यंत्राकडे बघताना त्यांचा चेहरा औषध घेतल्यासारखा व्हायचा. त्या दिवशी मात्र ते खाली वाकले.

"चालेल?"

"चालवून दाखवतो."

"चालव. तात्या मिस्त्री दिवाळीला काम सोडून घरी बसणार. त्यांची जागा तुझी, कायम. वर चाळीतल्या दोन खोल्या."

हे एकोणऐंशी सालचं. पालघरकडून आत जंगलाच्या तोंडाशी आमचा पांजरपोळ. भाकड, लंगडी, म्हातारी अशी तीनशे गुरं, आणि त्यांच्यासाठी राखलेलं नव्वद एकर कुरण. गवत दसरा-दिवाळीच्या दरम्यान कापायचं. उभं वाळलं की त्याला कुसळं येतात, आणि मग गुरं तोंड लावत नाहीत. त्या साली गवताच्या वखारवाल्यांनी पाड्यावरचे सगळे कापणारे आधीच ट्रकात भरून नेले होते. उरली होती आठ-दहा माणसं.

आणि माझं म्हणाल, तर लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि बायको माहेरी होती. मी वर्कशॉपच्या माळ्यावर निजायचो. तिथं तिला कुठं आणू? तिचं पत्र यायचं, 'खोलीचं काय झालं?' एवढंच विचारायची बिचारी. मला ती जागा हवी होती. आता खोटं कशाला बोलू, दुसरं काही मला तेव्हा दिसतच नव्हतं.

धर्मातात्या दुसऱ्या दिवशी आले. धर्माजी चुरी, पांजरपोळाचे जुने मिस्त्री, माझे उस्ताद. हे रान पूर्वी एका पारशी बावाजीचं होतं, तेव्हापासूनचे. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, तरी सांगाड्यावरून नुसता हात फिरवला आणि हसले.

"अरे, हिला मीच इथं लोटली होती. ओळखलीस तू?"

"ओळखली."

"बरं केलंस," म्हणाले. तात्यांच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे भरून पावलो समजायचं.

त्यांची शिकवायची रीतच तशी. सांगायचं काही नाही. "हात बघ," म्हणायचे. तू बघ, तुला दिसलं तर तुझं. 'असं का?' म्हणून विचारलं की पाना खाली ठेवून विडी पेटवायचे आणि विडी संपेपर्यंत बोलायचे नाहीत. त्यांच्या उस्तादानं त्यांना तसंच शिकवलं होतं. सहा वर्षांत मी 'का' विचारायचं सोडून दिलं होतं.

आठ दिवस आम्ही त्या मशीनला लागलो. पाती रॉकेलात भिजवली, सळई सुटी केली, मोडकी बोटं बदलली. आमचा ट्रॅक्टरही तसाच म्हातारा. पेट्रोलवर चालू करायचा, तापला की रॉकेलवर घ्यायचा. त्याच्या मागच्या दोन हातांना मशीनची भोकं जुळेनात. मी म्हटलं, भोकं वाढवू. तात्यांनी काही न बोलता मशीनवरचे दोन ठोकळे काढले, उलटे करून बसवले, आणि पिन सुळकन आत गेली. मग सुतळी घेतली, चाकापासून पट्टीच्या टोकापर्यंत ताणली, आणि पट्टीचं बाहेरचं टोक दोन बोटं पुढं घेतलं. मी बघत राहिलो. पुढं कळलं, गवताच्या रेट्यानं ते टोक मागं जातं आणि मग पट्टी बरोबर सरळ होते.

राहिला दांडा. चाकाची हालचाल पात्यांच्या सळईला पोचवतो तो. जुना कुजून गेला होता, दोन्ही टोकांच्या लोखंडी टोप्या तेवढ्या शिल्लक होत्या.

"धामणीचा घालायचा," तात्या म्हणाले.

धामण म्हणजे आमच्याकडचं चिवट लाकूड. वारली लोक धनुष्य करतात तिचं, कावडीचा बांबू नसला तर कावडही करतात. तात्यांनी स्वतः रंधा मारून सहा दांडे केले आणि काळ्या ऑइलच्या पिंपात बुडवून ठेवले.

"सहा कशाला?" माझ्या तोंडून गेलंच.

तात्यांनी विडी पेटवली. ती संपल्यावर म्हणाले, "मोडतील. मोडला की दुसरा घालायचा. लोखंडाचा लावू नकोस." आणि उठले. बस. एवढंच सांगितलं.

ट्रॅक्टर चालवायला नवशा वरठा होता. पाड्यावरचा वारली, माझ्याच वयाचा. त्याच्याइतका सावकाश ड्रायव्हर मी जन्मात बघितला नाही. बैलगाडीतून उतरून ट्रॅक्टरवर बसला होता आणि वेग तोच ठेवला होता. मी त्याला चिडवायचो, "नवशा, मागून गोगलगाय हॉर्न देतेय रे!" तो मान हलवून हसायचा. त्याची बायको जिवली मशीनच्या मागं दाताळं घेऊन चालायची, कापलेलं गवत बाजूला ओढायची. ती बोलायला भारी. वारली माणूस लहानथोर सगळ्यांना 'तू' म्हणतो, पण जिवलीच्या 'तू'त जरा जास्तच जरब होती.

"मिस्तरी, तुजी बायको कधी येते?"

"खोली मिळाली की."

"मंग लवकर काप. तुजा गवत नाय कापत, तुजा लगीन वाळतंय!"

सगळ्या बाया हसल्या. मीही हसलो. पण लागलं मला ते.

पहिल्या दिवशी मशीन चाललं तेव्हा कांतिभाईंनी नारळ फोडला. गवत कसं आडवं पडत होतं, काय सांगू! दहा माणसांचं काम. आणि अर्ध्या तासात दगडाला पातं लागलं, कडाड् आवाज झाला आणि दांडा मधोमध मोडला. नवशानं थांबवलं. मी नवा घातला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तोही मोडला, संध्याकाळी तिसरा. आमचं कुरण म्हणजे दगड, वारुळं आणि जुन्या कुंपणाचे खुंट. दर वेळी थांबायचं, टोप्या सोडायच्या, दांडा बसवायचा, पाती अडकलेल्या जागेवरचं गवत साफ करायचं. दिवसाकाठी तीन एकरसुद्धा होईना.

तिसऱ्या दिवशी चौथा मोडला, तेव्हा कांतिभाई बांधावर येऊन उभे राहिले. "हरेश्वर, हे असंच चालणार काय? मग माणसंच बरी की. दिवाळी बारा दिवसांवर आली."

तात्या तेव्हा नव्हते. मुलीचं बाळंतपण म्हणून वसईला गेले होते, चार दिवसांसाठी.

मी सायकल काढली आणि तालुक्याच्या लोहाराकडून चौकोनी लोखंडी दांडा करून आणला, बरोबर मापाचा. कशासाठी ते त्याला सांगितलं नाही. पहाटे कुणी यायच्या आत बसवला. तात्यांचे दांडे ऑइलमध्ये भिजून काळे झालेले असायचे, म्हणून यालाही काळं ऑइल आणि ग्रीस फासलं. दोन हातांवरून बघितलं तरी फरक कळत नव्हता. नवशाला कळलं असतं तर त्यानं तात्यांना सांगितलं असतं. त्याच्या पोटात काही राहायचं नाही.

त्या दिवशी मशीन थांबलंच नाही. दगडाला लागायचं, खाडकन उडी मारायचं आणि पुढं चालायचं.

"आज मोडत नाय?" नवशानं विचारलं.

"चांगलं लाकूड मिळालं," मी म्हणालो.

संध्याकाळी कांतिभाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. आठ एकर झाले होते. त्या रात्री मी बायकोला पत्र लिहिलं की सामान बांधायला घे.

दुसरा दिवस शुक्रवार होता. सकाळचे दहा वाजले असतील. मी बांधावर पाती घासत बसलो होतो, शंभर पावलांवर. मशीन थांबत नव्हतं, त्यामुळं पट्टीवर साचणारं गवत काढायला बायांना सवड मिळत नव्हती. जिवली मशीनच्या बरोबरीनं चालत होती, चाकाच्या अगदी जवळ, आणि दाताळ्यानं चालत्या पट्टीवरचं गवत ओढत होती. मला ते दिसत होतं. 'लांब हो' म्हणावं असं मनात आलंही होतं. पण मग नवशा थांबला असता.

गवतात जुन्या कुंपणाचा खुंट होता, लोखंडी. पाती त्याला धरली गेली. आवाज वेगळा झाला, घणाचा घाव बसावा तसा. मी मान वर केली तोवर जिवली खाली पडली होती.

धावत गेलो. पात्यांच्या सळईची मान तुटली होती आणि सुटलेला दांडा चाकाबरोबर गरगर फिरून तिच्या मांडीत घुसून निघाला होता. नवशानं ट्रॅक्टर बंद केला होता आणि तो तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघत होता. मी त्याच्या डोक्याचा पंचा काढून मांडी आवळली. रक्त थांबेना. जिवली ओरडली नाही. "मिस्तरी, थंडी वाजते," एवढंच म्हणाली, आणि ऊन तर डोक्यावर होतं.

कांतिभाईंची जीप आली. नवशा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला, दोन बाया बसल्या. कांतिभाई मला म्हणाले, तू मशीनपाशी थांब, पोलीस येतील. तालुक्याचा दवाखाना बावीस किलोमीटर. ती वाटेतच, मनोरच्या फाट्याला गेली, असं मागाहून कळलं.

सगळे गेले. कुरणात मी एकटा उरलो.

आता हे सांगायलाच हवं. मी तो दांडा काढला. टोपीचे नट मी न चुकता सोडले. तात्यांच्या सहांतले दोन उरले होते. त्यातला एक घेतला आणि चाकाला बसवला, चांगला घट्ट, वायसर लावून. लोखंडाचा दांडा ओढ्यात धुतला आणि पलीकडच्या पडक्या विहिरीत टाकला. तेव्हा माझ्या मनात एवढंच होतं, की तात्यांनी 'लावू नकोस' म्हटलेलं मी लावलं आणि ते दिसता कामा नये. अपघात त्यानं झाला असं मला तोवर खरंच वाटलं नव्हतं. देवाशप्पथ नव्हतं वाटलं.

दुपारी जमादार आला. पंचनामा झाला. त्यानं मशीनकडे बघितलं, त्याला काही कळलं नाही. कांतिभाई दवाखान्यातून परत आले होते, त्यांच्या सदऱ्यावर डाग होते.

"मशीन नीट बसवलं होतं?" जमादारानं विचारलं.

"आमचे मिस्त्री हुशार आहेत," कांतिभाई म्हणाले. "हरेश्वर, वेग जास्त होता काय? नवशानं जोरात घातलं काय?"

मी हातांचं ग्रीस फडक्याला पुसत राहिलो.

"सांग ना. खुंट दिसला असता तर थांबवता आलं असतं ना?"

"हो," मी म्हणालो.

"म्हणजे वेगात होता," जमादार म्हणाला आणि त्यानं लिहून घेतलं. मी सही केली.

तात्या रविवारी परतले. कुणाशी न बोलता थेट कुरणात गेले. मी मागोमाग. मशीन तसंच उभं होतं. ते खाली बसले आणि हातानं चाचपू लागले. तुटलेल्या सळईची मान बघितली. मग दांड्यावरून हात फिरवला, एका टोपीपासून दुसऱ्या टोपीपर्यंत. परत एकदा फिरवला.

"लाकूड अख्खं आहे," म्हणाले.

"हो."

"लोखंडाची सळई तुटली, आणि लाकूड अख्खं?"

मी खाली बसलो.

"गाढवा, लाकूड मोडायसाठीच घालतात रे!" तात्या ओरडले. सहा वर्षांत मी त्यांना ओरडताना ऐकलं नव्हतं. "पातं अडकलं की आधी दांडा मोडला पाहिजे. दांडा मोडला की मशीन मेलं, चाक नुसतं रिकामं फिरतं, कुणाला काही होत नाही. लाकूड मोडलं नाही तर मग माणूस मोडतो!"

"तुम्ही सांगितलं नाहीत," मी म्हणालो.

तात्यांनी खिशातून विडी काढली, पण पेटवली नाही.

"नाही सांगितलं," म्हणाले. "मलाही कुणी सांगितलं नव्हतं. एकाचा हात गेला तेव्हा कळलं. तुला सांगायला हवं होतं. ती चूक माझी. दांडा कुठाय?"

"विहिरीत."

"नवशावर घातलंस?"

मी मान डोलावली.

"कांतिभाईंना सांग, नको सांगू, ते तुझं तू बघ. मी तुझी जागा घालवायला जाणार नाही. पण नवशाला सांग. त्याला तू सांगायचं. मी सांगितलं तर त्याला काही अर्थ नाही." ते उठले, माझ्या खांद्याचा आधार न घेता. त्यानंतर ते वर्कशॉपात आले नाहीत. हत्यारांची पेटीसुद्धा नेली नाही.

मी ठरवलं होतं सांगायचं. रोज ठरवत होतो. पाड्याच्या वाटेला दोनदा लागलो. एकदा तर त्याच्या अंगणापर्यंत गेलो. आत बाया रडत होत्या, तसाच माघारी फिरलो. तिचे दिवस होऊन जाऊ देत, म्हटलं.

दिवाळीच्या आदल्या दिवशी कांतिभाईंनी मला कचेरीत बोलावून पत्र दिलं. मिस्त्री म्हणून कायम. चाळीतली शेवटची खोली, तिला लागून दुसरी. नवशाला कामावरून कमी केल्याचंही तेव्हाच सांगितलं, "ट्रस्टी ऐकत नाहीत," म्हणाले. मी पत्राची घडी करून खिशात ठेवली आणि खोली बघायला गेलो. बायको पाडव्याला येणार होती. मी जमीन झाडत होतो, तेवढ्यात दाराशी कुणी उभं राहिलं.

नवशा होता. डोक्याचं मुंडण केलेलं. आत ये म्हटलं, आला नाही. उंबऱ्याबाहेर उकिडवा बसला.

"मिस्तरी, तुना एक इचारायचा आहे."

"विचार."

"पोलिसांनी लिवलाय, मी जोरात चालवली." तो जमिनीकडे बघत होता. "मना तर पहिल्याच गेरात होती असा वाटते. रोजच्यासारखी. पण आता मना काय आठवत नाय. रात्री झोपलू तं ती जोरात पळताना दिसते. तू मशीनवाला. तुना कळते. तू मना खरा सांग. मी जोरात चालवली का?"

पत्र खिशात होतं. त्याची कडा छातीला टोचत होती, एवढं मला आजही आठवतं. चुलीची जागा मी नुकतीच झाडून घेतली होती. पहिल्याच गियरात होता तो. गोगलगायीसारखा. त्याच्याहून सावकाश कुणी चालवूच शकलं नसतं. मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं. बाकीचं मग आपोआप निघालं असतं.

"थोडी जोरात होती, नवशा," मी म्हणालो.

तो दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून उठला, आणि त्यानं मला हात जोडले.

"सगली मना सांगतात, तुजा काय दोष नाय," तो म्हणाला. "तू येकटा खरा बोललास, मिस्तरी."